टायर झिजला नाही, तरी म्हातारा होतो!

कपाटाच्या तळाशी ठेवलेला जुन्या कागदपत्रांचा गठ्ठा काही वर्षांनी बाहेर काढावा, तर त्याला लावलेले रबर बँड बोटांना चिकटते किंवा हात लागताच त्याचे तुकडे पडतात. ते कोणी वापरलेले नसते, घासलेले नसते. नुसते एका जागी पडून असते. जपून ठेवलेल्या स्लिपरचा पट्टा पावसाळ्याच्या पहिल्याच दिवशी तुटतो, कुकरची रिंग कडक होऊन वाफ सोडू लागते. रबराचा हा स्वभाव घरोघरी परिचयाचा आहे. गंमत अशी, की याच रबराच्या चार चाकांवर आपण सहकुटुंब प्रवासाला निघतो, तेव्हा मात्र त्याचा आपल्याला पूर्ण विसर पडतो.

जवळजवळ प्रत्येक गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात अशी एक तरी मोटार उभी असते. मालक निवृत्त झालेले, मुले परगावी किंवा परदेशी. गाडी आठवड्यातून एकदा भाजीबाजारापर्यंत जाते आणि वर्षातून दोनदा, गणपतीला व दिवाळीला, गावी जाते. सात-आठ वर्षांत जेमतेम वीस हजार किलोमीटर झालेले असतात. टायरची नक्षी नव्यासारखी खोल दिसते. 'टायरला काही झालेले नाही, अजून पाच वर्षे सहज जातील,' असा निर्वाळा मालक मोठ्या समाधानाने देतात. नेमकी येथेच गफलत होते. टायर दोन प्रकारे संपतो. एक रस्त्यावर झिजून आणि दुसरा जागच्या जागी म्हातारा होऊन. पहिला प्रकार डोळ्यांना दिसतो, दुसरा बहुधा दिसत नाही.

'रबर वाळते' असे आपण सहज म्हणतो. पण कपडा किंवा लाकूड ज्या अर्थाने वाळते, त्या अर्थाने रबर वाळत नाही, कारण त्यात मुळी पाणी नसतेच. झाडाच्या चिकापासून मिळणारे नैसर्गिक रबर म्हणजे कार्बन व हायड्रोजन यांच्या अतिशय लांब, गुंतागुंतीच्या रेणूसाखळ्या. नुसते हे रबर उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होत असे. चार्ल्स गुडइयर या अमेरिकी संशोधकाला १८३९ मध्ये असे आढळले, की गंधकाबरोबर तापवल्यास रबर चिवट व लवचिक बनते. गंधकाचे अणू या लांब साखळ्यांमध्ये ठिकठिकाणी पूल बांधतात. या क्रियेलाच व्हल्कनीकरण म्हणतात, आणि आजचा प्रत्येक टायर याच क्रियेतून जन्माला येतो.

मात्र या साखळ्यांमध्ये काही कच्चे दुवे शिल्लक राहतात. कार्बनच्या दोन अणूंमधील दुहेरी बंध हे ते दुवे. हवेतील ऑक्सिजन त्यांच्यावर हळूहळू काम करत राहतो. काही ठिकाणी साखळी तुटते, मग रबर मऊ आणि चिकट होते. काही ठिकाणी नको तितके नवे पूल तयार होतात, मग रबर कडक आणि ठिसूळ होते. उष्णता या कामाला वेग देते. तापमान दहा अंशांनी वाढले, की अशा रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रातील ढोबळ नियम आहे. मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूर या शहरांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि डांबरी रस्ता त्याहूनही कितीतरी अधिक तापतो. विदर्भातल्या उघड्यावरच्या टायरला महाबळेश्वरच्या टायरपेक्षा लवकर म्हातारपण येते, ते यामुळेच.

ऑक्सिजनपेक्षाही रबराचा कडवा शत्रू म्हणजे ओझोन. वातावरणाच्या उंच थरातील ओझोन सूर्याच्या घातक किरणांपासून आपले रक्षण करतो. पण जमिनीलगतचा ओझोन हा उपद्रवीच. वाहनांच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे आणि इंधनाच्या वाफा यांच्यावर कडक ऊन पडले, की तो तयार होतो. त्याचे प्रमाण हवेच्या दहा कोटी भागांत काही मोजके भाग इतके अल्प असले, तरी ताणलेल्या रबराला चिरा पाडण्यास ते पुरते. १९४० च्या दशकात अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहर विचित्र धुरक्याने ग्रासले होते. डोळे चुरचुरत, पिके करपत आणि मोटारींचे टायर लवकर चिरत. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी या धुरक्याचा छडा लावला. त्यांनी केलेली एक युक्ती मोठी बोलकी आहे. रबराच्या वाकवलेल्या पट्ट्या हवेत ठेवायच्या आणि त्यांना किती वेळात, किती खोल चिरा पडतात यावरून ओझोनचे प्रमाण ताडायचे! मोटारीच्या धुरातून ओझोन बनतो आणि तोच मोटारीचा टायर चिरतो, हे वर्तुळ त्यातून स्पष्ट झाले.

या प्रयोगातील 'वाकवलेल्या' हा शब्द महत्त्वाचा आहे. सैल पडलेल्या रबराला ओझोन फारशा चिरा पाडू शकत नाही; ताणलेल्या रबरालाच तो उभे चिरतो, आणि चिरा ताणाच्या आडव्या दिशेने पडतात. ज्यांना खात्री करून घ्यायची असेल, त्यांनी दोन साधी रबर बँड घ्यावीत. एक गच्चीवर दोन खिळ्यांमध्ये ताणून ठेवावे, दुसरे कागदात गुंडाळून खणात टाकावे. काही आठवड्यांनी दोन्ही हातात घेतली, की वेगळ्या स्पष्टीकरणाची गरज उरणार नाही. एकाच जागी महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टायरचा तळाजवळचा भाग असाच सतत वाकलेला व ताणलेला असतो. त्यात हवा कमी असेल, तर हा ताण आणखी वाढतो.

टायर बनवणाऱ्यांना हे सारे ठाऊक असल्यामुळे ते टायरच्या पोटातच त्याचे औषध घालून ठेवतात. टायर काळा असतो तो कार्बन ब्लॅक या बारीक काजळीमुळे. ही काजळी रबराला बळकटी देते आणि अतिनील किरण स्वतः शोषून घेते. त्याखेरीज रबरात विशिष्ट मेण आणि ओझोनरोधक रसायने मिसळलेली असतात. ही द्रव्ये हळूहळू आतून पृष्ठभागावर येतात आणि तेथे एक पातळ कवच धरतात. टायर फिरतो, दबतो, पुन्हा फुगतो, तेव्हा त्यांचे हे बाहेर येणे चालू राहते. उभ्या गाडीच्या टायरला हा लाभ पुरेसा मिळत नाही. जुन्या टायरच्या कडेवर जी तपकिरी छटा दिसते, ती बहुतेकदा मळ नसून हेच औषध आपले काम करत असल्याची खूण असते.

आणि ही खूणच आपल्याला खुपते! ती घासून काढण्यासाठी, टायर 'नव्यासारखा' करण्यासाठी नाना उपाय केले जातात. कोणी डिझेलचा बोळा फिरवतो, कोणी इंजिनातून काढलेले जळके ऑइल लावतो, कोणी रॉकेलने पुसतो. काही वॉशिंग सेंटरमध्ये गाडीच्या तळावर डिझेलचा फवारा मारण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालत आलेली आहे. 'रबर सुकते, म्हणून त्याला तेल पाजावे' हा त्यामागचा भाबडा तर्क. त्वचेला तेल चालते, म्हणून रबरालाही चालेल असे आपण गृहीत धरतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. पेट्रोल, डिझेल, रॉकेल आणि खनिज तेल ही नैसर्गिक रबरात शिरतात, त्याला फुगवतात व मऊ करतात. पृष्ठभागावरचे संरक्षक मेण तर ती विरघळवूनच टाकतात. दोन दिवस टायर काळाभोर चमकतो आणि मालक खूष होतो. पण ज्या कवचासाठी कारखान्याने एवढा खटाटोप केला, ते आपण आपल्या हाताने आणि वर पैसे मोजून काढून टाकलेले असते.

बाजारात मिळणाऱ्या टायर पॉलिशचे काय, असा प्रश्न यावर येईलच. त्यात ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एक पेट्रोलियम द्रावकावर आधारलेला, तीव्र वासाचा आणि तेलकट, तो टाळावा. दुसरा पाण्यावर आधारलेला, दुधासारखा दिसणारा. त्यात प्रायः सिलिकॉन असते आणि तो रबराला अपाय करत नाही. हौस असेल, तर हा दुसरा प्रकार टायरच्या फक्त कडेला, पातळ लावावा. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर, पायातील पेडलवर किंवा स्टिअरिंगवर तो चुकूनही लागू देऊ नये, कारण तेथे घसरणे म्हणजे अपघातच. मात्र पॉलिश ही शोभा आहे, औषध नव्हे. साधे पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढे टायरच्या स्वच्छतेला पुरेसे असते.

रबर म्हणजे केवळ टायर नव्हे. मोटारीत पन्नास ठिकाणी रबर दडलेले असते आणि प्रत्येक ठिकाणचे रबर वेगळ्या जातीचे असते. दारे-खिडक्यांचे बीडिंग आणि रेडिएटरचे होज पाइप हे बहुधा ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. या रबराच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसल्यामुळे ऊन आणि ओझोन यांना ते चांगले तोंड देते. पण खनिज तेल लागले, की फुगून सैल पडते. इंधनाच्या नळ्यांसाठी तेलाला दाद न देणारे नायट्राइल जातीचे रबर वापरतात. पण त्याला ओझोन सोसत नाही. एकाला जे मानवते, ते दुसऱ्याला बाधते. म्हणूनच 'सगळ्या रबराला एकच तेल' हा घरगुती उपाय घातक ठरतो.

याचे सर्वांत गंभीर उदाहरण ब्रेकचे आहे. ज्याला आपण 'ब्रेक ऑइल' म्हणतो, ते नाव तेलाचे असले, तरी खनिज तेल नव्हे. सर्वसाधारण मोटारींत ते ग्लायकोल वर्गातील द्रव असते. ब्रेकच्या सिलिंडरमधील रबरी सील त्याच द्रवाला मानवतील असे बनवलेले असतात. पातळी कमी दिसली म्हणून कोणी त्यात इंजिन ऑइलचे चार थेंब जरी टाकले, तरी सील फुगतात, ब्रेक अडकतात किंवा निकामी होतात. डब्यावर लिहिलेला दर्जा आणि गाडीच्या पुस्तिकेतील दर्जा जुळल्याशिवाय त्या टाकीचे झाकण उघडूच नये. हा द्रव हवेतील ओलावाही शोषतो, म्हणून तो साधारण दोन वर्षांनी बदलण्याची शिफारस केली जाते.

इंधनाच्या बाबतीत जुन्या गाड्यांच्या मालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या मोटारींतील साहित्य हे मिश्रण गृहीत धरून निवडलेले आहे. त्यापूर्वीच्या काही जुन्या गाड्यांतील रबरी भाग व गास्केट लवकर बदलावे लागू शकतात, असे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मधील स्पष्टीकरणातही म्हटले होते. तेव्हा दहा-बारा वर्षांच्या गाडीच्या सर्व्हिसिंगमध्ये इंधनाच्या नळ्या मेकॅनिककडून आवर्जून तपासून घ्याव्यात. पेट्रोलचा वास येणे ही साधी बाब समजू नये.

दाराच्या बीडिंगची निगा त्या मानाने सोपी आहे. वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या तोंडी आणि पावसाळा संपल्यावर, ओल्या फडक्याने धूळ पुसावी, कोरडे करावे आणि सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवावा. व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावू नये. व्हॅसलीन हे खनिज तेलाचेच भावंड, आणि तेलावर धूळ बसून तिची कानस होते. वायपरच्या रबराला तर कोणतेच तेल लावू नये, नाही तर पहिल्या सरीतच काचेवर धूसर पडदा पसरेल. उन्हाळाभर तापलेल्या काचेला चिकटून राहिल्याने वायपरचे रबर कडक होते. मे महिन्याच्या अखेरीस ते तपासून, काचेवर रेषा ओढत असेल, तर बदलून टाकावे. कशेडी किंवा वरंधा घाटातल्या धुवाधार पावसात आणि धुक्यात या काही शे रुपयांच्या रबराची किंमत कळते.

आता पुन्हा टायरकडे वळू. त्याचे आयुष्य वाढवणारा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे योग्य दाबाची हवा. हवा कमी असली, की टायरच्या कडा प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतात, त्या वाकण्यातून उष्णता निर्माण होते आणि उष्णतेने रबर आतून म्हातारे होते. निरोगी टायरमधूनही महिन्याला सुमारे एक पौंड हवा आपोआप कमी होत असते. म्हणून दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना, हवा तपासावी. किती हवा ठेवायची याचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेला असतो. 'उन्हाळ्यात हवा दोन-चार पौंड कमीच ठेवावी, नाही तर टायर फुटतो' हा आपल्याकडचा एक लोकप्रिय आणि धोकादायक समज आहे. प्रवासात टायर तापून दाब वाढणार, हे गृहीत धरूनच तो आकडा ठरवलेला असतो. हवा कमी ठेवल्याने टायर अधिक वाकतो, अधिक तापतो आणि ज्याची भीती असते तेच घडते.

उष्णता, कमी हवा आणि वेग हे तिघे एकत्र आले, तर काय होते याचा धडा अमेरिकेला मिळाला. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीला सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले. त्यांतील बरेच फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांवर बसवलेले होते. धावत्या गाडीच्या टायरचा वरचा थर सुटून गाड्या उलटत होत्या. घडणीतील दोषांवर मोठा वाद झाला. पण तक्रारी मुख्यतः ॲरिझोना, टेक्सास, फ्लोरिडा अशा उष्ण राज्यांतून आल्या होत्या, हे विसरता येत नाही. त्यानंतर तेथील वाहतूक सुरक्षा यंत्रणेने टायरच्या वयाचा अभ्यास करण्यासाठी ॲरिझोनातील फिनिक्स या तप्त शहरातील वापरलेले टायर गोळा केले. नक्षी शिल्लक असूनही टायर आतून दुबळा झालेला असू शकतो, हे अशा अभ्यासांतून पुढे आले.

टायरचे वय ओळखणे अजिबात अवघड नाही. त्याच्या कडेवर इंग्रजी 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटचे चार आकडे ही टायरची जन्मतारीख. '२३१९' असे असेल, तर तो टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात, म्हणजे जूनमध्ये, बनला. हे आकडे काही वेळा टायरच्या आतल्या बाजूलाच असतात. तेव्हा थोडे वाकून पाहण्याची तयारी हवी. नवा टायर विकत घेतानाही ते अवश्य वाचावेत. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि दहा वर्षांनंतर, दिसायला कितीही चांगला असला, तरी बदल, असा सल्ला अनेक टायर उत्पादक देतात. काही मोटार कंपन्या सहा वर्षांचीच मर्यादा सांगतात. आपल्याकडील ऊन पाहता या आकड्यांना ताणण्यात शहाणपण नाही.

या हिशेबात स्टेपनी हमखास सुटते. वेल्समधील लॅनेली गावाच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलेले हे नाव आपल्या बोलीत इतके मुरले आहे, की ते परके वाटत नाही. डिकीत अंधारात पडून राहणारा हा पाचवा टायरही इतरांबरोबरच म्हातारा होत असतो. दहा वर्षे न वापरलेली 'कोरी' स्टेपनी पंक्चरच्या वेळी बसवून महामार्गावर वेगाने जाणे, हा एका संकटातून सुटताना दुसरे ओढवून घेण्याचा प्रकार आहे. तिची हवा इतर चाकांबरोबर तपासावी आणि तिचीही जन्मतारीख वाचून ठेवावी.

गाडी फारशी वापरात नसेल, तर आठवड्यातून एकदा तरी ती आठ-दहा किलोमीटर फिरवून आणावी. मार्च २०२० च्या टाळेबंदीत महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या अनेक गाड्यांचे टायर तळाशी चपटे झाले, हा अनुभव ताजा आहे. ते शक्य नसेल, तर निदान गाडी एक-दोन फूट पुढे-मागे सरकवावी, म्हणजे टायरचा ताणलेला भाग बदलतो. गाडी सावलीत उभी करावी. छप्पर नसेल, तर हवा खेळती राहील असे कापडी आवरण चाके झाकली जातील इतके खाली घ्यावे. सुटे टायर साठवायचे असतील, तर थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवावेत. पाण्याची मोटर किंवा वेल्डिंगचे यंत्र जवळ नसावे, कारण विजेच्या ठिणग्यांतूनही ओझोन तयार होतो.

प्रवासाला निघण्यापूर्वी स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून पुढच्या टायरच्या कडा उजेडात पाहाव्यात. केसासारख्या, उथळ रेषा या वयाच्या सुरकुत्या समजाव्यात आणि त्यांवर लक्ष ठेवावे. पण नख अडकेल इतक्या खोल चिरा, नक्षीच्या खाचांच्या तळाशी पडलेल्या भेगा, आतील धागे दिसणे किंवा कडेवर टेंगूळ येणे, यांपैकी काहीही आढळले तर तो टायर त्या प्रवासाला नेऊ नये. या चिरांवर कोणतेही पॉलिश, कोणतेही तेल इलाज करू शकत नाही. तुटलेली रेणूसाखळी पुन्हा जोडली जात नाही; आपल्या हाती असते ते फक्त ती तुटण्याचा वेग कमी करणे.

पूर्वी या दुर्लक्षाची शिक्षा सौम्य असे. खड्ड्यांच्या रस्त्यावर ताशी चाळीसच्या वेगाने जाताना टायर बसला, तर तासाभराचा खोळंबा होई, इतकेच. आता ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला आहे आणि त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. या महामार्गावर २०२३ मध्ये परिवहन विभागाने टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्या अडवण्यास सुरुवात केली, ती उगाच नव्हे. मात्र प्रवेशद्वारावरचा तपासनीस नक्षीची खोली पाहू शकतो. आठ वर्षे सोसायटीच्या आवारात उन्हाने आतून पोखरलेला, नक्षी शाबूत असलेला टायर कोणता, हे गाडीच्या मालकानेच ओळखायचे आहे.

प्रत्येक टायरचा रस्त्याशी संबंध असतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेपुरता. अशा चार तळहातांवर विश्वास टाकून आपण मुलाबाळांना घेऊन गावाकडे निघतो. तेव्हा येत्या रविवारी टायर चमकवण्यात अर्धा तास घालवण्याऐवजी पाच मिनिटे खाली वाकून त्यावरचे ते चार आकडे वाचावेत.